रतनबाईची घंटा आणि सायकलवाले

माझ्या मावशीला सायकलवाल्यांचा तिटकारा आहे आणि तो तिने कधी लपवून ठेवला नाही. डोक्यावर ती भोकाभोकाची टोपी, अंगाला चिकटलेले भडक कपडे आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून कोणी फाट्यावरून आत वळलं, की ती बादली उचलून दारासमोरच्या रस्त्यावर पाणी मारायची. सडा घालतेय असा आव आणायची. पण भर दुपारी सडा कोण घालतं? कच्चा रस्ता, वर पाणी, आणि त्यांची ती बारीक चाकं. एखादा घसरला की मावशी आत जाऊन दार लावून घ्यायची.

मलाही ते लोक आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ज्याला दोन्ही बाजू शांतपणे ऐकायच्या असतील त्याने दुसऱ्या कोणाकडे जावं.

मावशीचं नाव रतनबाई सहादू पाटोळे. मी माधुरी, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, श्रीरामपुरात एका दवाखान्यात नर्स आहे. मावशीचं बोरमळा गाव प्रवरेच्या खोऱ्यात, फाट्यावर उतरून थोडं चालत गेलं की लागतं. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आणि कांदा, आणि अधूनमधून मिशनच्या काळातली काळ्या दगडाची देवळं. आमच्यात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. बोरमळ्याचं देऊळ तसं लहानच, मावशीच्या घराला लागून आहे. कौलं गळकी, भिंती मात्र अजून ठणठणीत. आवारात दोन दगडी खांबांवर लोखंडी तुळई टाकलेली आणि तिला घंटा टांगलेली. चाळीसच्या वर वर्षं त्या घंटेचा दोर मावशीच्या हातात होता.

खरं तर ते काम तिच्या सासऱ्यांचं, याकोबबाबांचं. त्यांच्यामागे ते मावशीच्या नवऱ्याकडे, म्हणजे सहादूकाकांकडे यायला हवं होतं. पण काका गप्पिष्ट माणूस, उपासनेच्या वेळेला नेमके पारावर सापडायचे. म्हणून म्हाताऱ्याने दोर सुनेच्या हातात दिला. उपासनेची घंटा भराभर वाजवायची, तिला काही अक्कल लागत नाही. मयताची घंटा वेगळी. एक ठोका द्यायचा आणि दोर तसाच धरून ठेवायचा. घंटेची गुणगुण दोरातून तळहातात उतरत असते. ती पार विझली की मगच दुसरा ठोका. घाई केली तर गेलेल्याला धक्के मारून घालवल्यासारखं होतं, असं याकोबबाबा म्हणायचे.

बोरमळ्यात मयताला बोलावणं नसतं. दारोदार जाऊन 'आमच्यात अमका गेला' असं सांगायची पद्धत नाही. सांगत फिरावं लागलं तर त्या घराची नाचक्की, म्हणजे त्या घराला गावात कोणी विचारत नाही असा अर्थ. घंटा वाजली की गावाने आपणहून यायचं. त्यात ख्रिस्ती, बौद्ध, मराठा असा भेद नाही. सरपंचांची आई गेली तेव्हाही मावशीनेच घंटा दिली होती. ठोका ऐकला की हातातलं काम जिथल्या तिथे टाकायचं. बाप्यांनी टिकाव-फावडी घ्यायची, बायांनी घरून पाण्याची भरली घागर घेऊन निघायचं, कारण मयताच्या घरात त्या दिवशी पाणी शेंदत नाहीत. डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया सगळ्या वाटांनी एका घराकडे चाललेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्या चालताना बोलत नाहीत.

मावशीला मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी सहादूकाकांना अर्धांगवायू झाला आणि ते खाटेला खिळले. नातेवाईक म्हणजे मी एकटी, तीही नोकरीवाली. मी एकदा काळजीने म्हटलं, "मावशी, काही झालं तर काय करशील गं? कोण आहे तुला?"

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "पोरगं न्हाई मला, पन घंटा हाय. मी ठोका दिला की सारं गाव येतंय माज्या म्हाताऱ्याच्या मातीला. तू नगं काळजी करू."

मावशीचं सगळं या एका गोष्टीवर उभं होतं. त्याखेरीज तिच्याशी गावात कोणाचं पटत नव्हतं. नळावर भांडायची, रेशनच्या रांगेत भांडायची. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तर पहिल्या रांगेतून उठून सरळ दोराकडे चालू लागायची, म्हणजे आता आवरा. तोंडावर तिला सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते मला लिहिता येणार नाही. पण घंटेच्या बाबतीत तिच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. आपली वेळ तिच्याच हातून जाहीर होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग ते सायकलवाले आले.

पुण्याचा कुठला तरी क्लब. शुक्रवारी नाहीतर शनिवारी पहाटे निघायचं, सुप्यावरून नगर, दुसऱ्या दिवशी राहुरीकडून प्रवरेच्या खोऱ्यात उतरायचं, वाटेतली जुनी चर्च बघायची आणि संध्याकाळी शिर्डी गाठायची. त्यांचा म्होरक्या हर्षल नावाचा. बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. पहिल्यांदा आला तेव्हा मावशीला म्हणाला, "आजी, तुम्ही किती लकी आहात, अशा ठिकाणी राहता." मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मग तू ऱ्हा. मी जाते पुन्याला."

हिवाळाभर शनिवार-रविवार ते यायला लागले. केळ्यांची सालं आवारात, रिकाम्या बाटल्या थडग्यांवर. फोटो काढायला वेदीवर चढायचे. मावशी केरसुणी घेऊन मागे लागायची, तर तिचेही फोटो काढायचे.

घरात मात्र दुसराच तमाशा. सहादूकाकांना हे लोक आवडायचे. काका तरुणपणी या खोऱ्यातल्या सगळ्या देवळांतून सायकलवर हिंडलेले. घंटेच्या आत जो लोखंडी लोलक असतो, त्याला मावशी जीभ म्हणते. ती जीभ कातड्याच्या वादीने वरच्या कडीला टांगलेली असते. वादी वर्षभरात झिजते, कोरडी पडते. नाताळाआधी काका काळ्या अवजड सायकलला पिशवी अडकवून निघायचे. पिशवीत नव्या वाद्या आणि एरंडेलाची बाटली. गावोगाव सायकलवरून उतरून आधी घंटा ऐकायचे, वाद्या बदलायचे, वर दोन दिवस गप्पा मारून परतायचे. आता खाटेवर पडल्या पडल्या चाकांची किरकिर ऐकू आली की ते चांगला हात हलवून खुणा करायचे, मला खिडकीकडे वळव. मावशी दात-ओठ खात वळवायची.

"येऊ दी गं," ते अडखळत म्हणायचे. "सायकली हायती."

"सायकली हायती, पन वरची मानसं न्हाईत," मावशी म्हणायची आणि खिडकी अर्धी लोटायची. पूर्ण लोटायची नाही.

एका रविवारी, उपासना संपून मंडळी पांगल्यावर ती भानगड झाली. मावशी काकांना पेज भरवत होती. कांद्याच्या लागणीची वेळ, अर्धं गाव वाफ्यात. सायकलवाल्यांतल्या कोणाला तरी घंटेसोबत व्हिडिओ काढायची हुक्की आली. दोर ओढायची सवय नाही, घंटा जड. एक ठोका पडला, मग त्याने दम घेतला, हसला, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलला. मग दुसरा. मग पुन्हा दम. हुबेहूब मयताची घंटा.

मावशीच्या हातातली वाटी पडली. घंटा वाजतेय आणि ती वाजवणारी इथे बसलीय, असं आजवर झालं नव्हतं.

गाव आलं. चिखलाच्या हातांनी आलं. बाप्ये टिकाव घेऊन कबरस्तानात पोहोचले आणि त्यांनी खणायला सुरुवातही केली, कारण कोण गेलं हे नंतर कळतं, खड्डा आधी लागतो. बाया घागरी घेऊन निघाल्या, पण कोणत्या घरी जायचं ते कळेना, म्हणून देवळापाशी गोळा झाल्या. आणि तो हर्षल सगळ्यांपुढे येऊन हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, गाव स्वागताला आलंय. डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया बघून त्याच्या बरोबरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी अनवाणी धावत आली. तिने हर्षलच्या छातीवर बोट टेकवलं.

"कोन मेलं रं तुज्या घरात?"

"आजी, गैरसमज होतोय. आम्ही फक्त..."

"कोन मेलं त्ये सांग. घंटा दिलीस न्हवं? आमी आलोय. दाव मयत."

त्याला काही कळलं नाही. कोणीतरी समजावल्यावर तो सॉरी म्हणाला, आणि म्हणाला, "पण किती सुंदर प्रथा आहे ही." तेव्हा मावशीने त्याच्याच सायकलचा पंप काढून त्याच्या पाठीत घातला. मला याचा अजिबात खेद नाही.

खेद झाला तो पंचांना. मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या, पंचांत कल्याण भालेराव मुख्य. फाट्यावर त्याचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे आणि सायकलवाले तिथेच खातात, म्हणजे त्याची दृष्टी कुठून कुठे पोहोचते ते समजून घ्या. क्लबाने कौलं बदलून द्यायची तयारी दाखवली होती. पंच बसले आणि ठरलं की आवाराच्या फाटकाची किल्ली यापुढे कल्याणच्या हॉटेलात राहील, शनिवार-रविवार फाटक उघडं असेल आणि पाहुण्यांशी कोणी अरेरावी करायची नाही. घंटा वाजवू नये अशी पाटी लावू, असंही ठरलं. पाटी अजून लागायची आहे.

मावशी त्या बैठकीत उभी राहिली. ओरडली नाही, ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "कल्यान, कौलं आज ना उद्या हुतील. पन ही घंटा खोटी पडली, तर मानूस मेल्यावर कुनाला कसं कळायचं? माजा म्हातारा आज-उद्याचा हाय."

कल्याण म्हणाला, "मावशी, आता सगळ्यांकडं मोबाईल हायेत." आणि किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर तो दोर प्रत्येक शनिवार-रविवारी कोणी ना कोणी ओढलाच. पहिल्या वेळी गाव पुन्हा धावलं. दुसऱ्या वेळी निम्मं धावलं. मग बाया वाफ्यातून मान वर करून फाट्याकडे बघू लागल्या, आणि मग मानही वर करेनाशा झाल्या. घंटा वाजली की म्हणायचं, "आले वाटतं सायकलवाले," आणि पुढचं रोप लावायचं. गाव वाईट नव्हतं. पण गाव आळशी झालं, आणि मला त्याचाही राग आहे.

सहादूकाका जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी गेले. मी दर शनिवारी त्यांची औषधं घेऊन जायचे, तशी त्याही दिवशी निघाले. फाट्यावर एसटीतून उतरले तर घंटा वाजत होती. एक ठोका, आणि मग ती लांबलचक शांतता. कल्याणच्या हॉटेलबाहेर सायकली लावलेल्या, आत मिसळ चाललेली. गल्ल्यावरचा कल्याण मला बघून म्हणाला, "सकाळपासून चाललंय. ह्यांचीच कोनीतरी पुढं गेलेली दिसत्यात."

मी पळत सुटले. मला त्या दोन ठोक्यांमधली शांतता ओळखता येते. कोणी हौशी माणूस इतका वेळ थांबूच शकत नाही.

फाटक उघडंच होतं. मावशी एकटी दोर धरून उभी होती. डोक्यावरचा पदर घसरलेला. मला बघून तिने ठोका चुकवला नाही. शांतता आली तेव्हा म्हणाली, "गेलं तुजं काका. उजाडताना."

"मावशी, कोणीच आलं नाही?"

"यील."

पलीकडे वाफ्यात बायांची ओळ स्वच्छ दिसत होती. वाकलेल्या पाठी, रंगीत लुगडी, मोबाईलवर लावलेलं गाणं. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. मी तिकडे निघाले तशी मावशीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशीही तिथे वळ होता.

"न्हाई जायाचं. माज्या म्हाताऱ्याच्या मातीला बोलवून आनलेली मानसं नगंत."

"अगं, त्यांना माहीत नाही."

"घंटा दिलीय मी," ती म्हणाली. "ऐकाया येतंय सगळ्यास्नी."

मी रडले, तिला शिव्याही दिल्या. म्हणाले, तुझ्या या हेक्यापायी काका घरात एकटे पडलेत. तिने दुसरा ठोका दिला. काय करणार? मी घरात जाऊन काकांजवळ बसले. खिडकी तिने सताड उघडली होती आणि त्यांचं तोंड रस्त्याकडे केलं होतं. रस्त्याने तीन सायकलवाले गेले, एकाने हात हलवला.

दुपार झाली. दोर ओढून मावशीच्या तळहाताची सालटं निघाली, तिने हातांना पदर गुंडाळला. आणि मग साळूबाई आली. साळूबाई म्हणजे बुद्धविहाराच्या आळीतली म्हातारी, कानाने ठार बहिरी. तिला ना खऱ्या घंटेचा उपयोग ना खोट्या. शेळीला पाला आणायला ती देवळामागून चालली होती. तिला दोर दिसला, दोराला रतनबाई दिसली आणि दोन ठोक्यांमध्ये थांबलेला तिचा हात दिसला. तिने पाला तिथेच टाकला, आल्या पावली घरी गेली आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन निघाली. वाफ्यांच्या मधल्या बांधावरून, सगळ्यांच्या देखत, काही न बोलता.

बायांनी घागर बघितली. एकीने गाणं बंद केलं. तेवढ्यात पुन्हा ठोका पडला आणि या वेळी त्यांनी तो ऐकला. मी खिडकीतून बघत होते. रोपांच्या जुड्या जागच्या जागी पडल्या आणि बाया घरांकडे पळाल्या, घागरी आणायला.

मग सगळे आले. बाप्ये आले, पाळकसाहेब आले, कल्याण हॉटेल बंद करून आला. कोणी मावशीकडे बघेना. एवढ्या घागरी जमल्या की ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. साळूबाईची मात्र आत, काकांच्या उशाशी ठेवली होती, मावशीने स्वतः. खड्डा घाईघाईत खणला गेला आणि ऊन उतरायच्या आत पेटी कबरस्तानात पोहोचली.

प्रार्थना संपली. माती लोटायची वेळ आली तेव्हा मावशी पुढे झाली. तिने कमरेला खोचलेला पदर सोडला आणि त्यातून लोखंडाचा काळा ठोकळा बाहेर काढला, एरंडेलाच्या वासाचा. घंटेची जीभ. पेटी न्यायच्या गडबडीत ती स्टुलावर चढून जीभ वादीसकट सोडवून आली होती. ती वादी काकांच्याच हातची, शेवटची. कोणाला काही कळायच्या आत तिने ती जीभ खड्ड्यात सोडली. पेटीच्या फळीवर ती पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

कल्याण म्हणाला, "मावशी, आवो ही मंडळीची वस्तू."

"उतर मंग खाली," मावशी म्हणाली. "आन् काढ."

तो उतरला नाही. पहिली मूठ तिने टाकली, मग मी टाकली.

पुढच्या शनिवारी हर्षलने दोर ओढला, पुन्हा पुन्हा ओढला. घंटा नुसती डुगडुगली. नवी जीभ बसवायचं पंचांनी दोनदा ठरवलं, पण वादीचं माप कोणाजवळ नाही आणि मावशीला विचारायची छाती कोणाची नाही. तेव्हा बोरमळ्यात आता माणूस गेलं की घरच्यांना दारोदार फिरावं लागतं. प्रत्येक उंबऱ्यापाशी उभं राहून सांगावं लागतं. मोबाईल सगळ्यांकडे आहेत, पण मयताचं मोबाईलवर सांगायला अजून कोणाची जीभ वळत नाही.

उन्हाळ्यात कल्याणची आई आक्काबाई गेली. आक्काबाई चांगली बाई, नळावर मावशीची बाजू घेणारी ती एकटीच. मी तेव्हा रजा काढून मावशीकडेच होते. कल्याण सकाळी दारात येऊन उभा राहिला, अनवाणी, डोक्याला टॉवेल. सगळी आळी फिरून शेवटी आमच्याकडे आला होता, धीर गोळा करत आला असावा.

"मावशी, आई गेली," तो म्हणाला.

मावशी चुलीपुढे बसली होती.

"मला न्हाई ऐकू आलं," ती म्हणाली.

कल्याणने मान खाली घातली आणि तो तिथेच उभा राहिला. मावशी उठली, कोपऱ्यातली घागर घेऊन रांजणावर गेली, काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि त्याला वाटेतून बाजूला सारून त्याच्या घराकडे चालू लागली.